साथकाळातील तीर्थयात्रा : हिंगोली जिल्हा

साथरोगाच्या काळात प्रवासातील संसर्गाचा धोका आणि यात्रेतून मिळणारे मनःस्वास्थ्य यांचा यात्रेकरूंनी केलेला विचार हा या टिपणाचा विषय आहे. हिंगोली जिल्ह्यात (स्थापना १ मे १९९९, पूर्वी परभणी जिल्ह्याचा भाग) बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथ आणि संत नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान असलेले कयाधूकाठचे नरसी (जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत) ही प्रमुख क्षेत्रे असून, पंढरपूरला पायी जाणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही सेनगाव, औंढा नागनाथ व जवळा बाजार या मार्गाने जाते.

वारी, म्हणजे पंढरपूरची यात्रा, हा नेम, म्हणजे दरवर्षी ठरल्या तिथीला न चुकता पाळायचे व्रत असल्यामुळे, ती चुकण्याचे दुःख वारकऱ्याच्या लेखी आजाराच्या भीतीइतकेच खरे असते. मात्र दिंडी, म्हणजे एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट, गावोगावी मुक्काम करते व गावकऱ्यांनी वाढलेल्या पंगतीत जेवते, त्यामुळे वारकऱ्याने स्वतःपुरता पत्करलेला धोका यजमान गावालाही सोसावा लागतो. म्हणूनच साथीत वारी करावी की नाही या प्रश्नाला केवळ वैयक्तिक श्रद्धेचा प्रश्न मानणे अपुरे आहे.

पटकी (कॉलरा) दूषित पाण्यातून पसरते आणि तिच्यावर लस होती, त्यामुळे विसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेकरूंना लस टोचण्याची सक्ती करून यात्रा चालू ठेवता आली. श्वासावाटे पसरणाऱ्या कोविड-१९ वर २०२० च्या वारीच्या वेळी लस नव्हती आणि तो मार्ग उरला नाही. ३० जून २०२० रोजी मानाच्या पालख्यांतील पादुका निवडक वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. शेगावची पालखी त्या वर्षी व २०२१ मध्ये पायी निघाली नाही, ती २०२२ मध्ये पुन्हा निघाली. मधल्या काळात वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ व एकादशी केली. आईवडिलांची सेवा न सोडणाऱ्या पुंडलिकासाठी देवच येऊन विटेवर उभा राहिला, ही वारकरी संप्रदायाची मूळ कथा असल्याने, घरी थांबण्याला परंपरेतूनच आधार मिळतो, आणि ही बाब शासकीय आदेशांपेक्षा अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

राज्यातील मंदिरे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, दर्शनासाठी खुली झाली.