मुंबईबाहेरचे पाणसुरुंग आणि आपल्या नद्यांचा गाळ

शहापुरात बसून आज आपण समुद्रातल्या सुरुंगांविषयी बोलणार आहोत. मुरबाडच्या मंडळींना हा विषय लांबचा वाटेल. पण काळू आणि भातसा पुढे उल्हासला मिळतात, उल्हास खाडीतून अरबी समुद्रात जाते, आणि पावसाळ्यात आपल्या शेतांची माती तिच्याबरोबर तिकडे पोचते. नर्मदा-तापीच्या गाळापुढे आपला वाटा अगदीच किरकोळ, हे मान्य.

१९१७ ची सुरुवात. पहिलं महायुद्ध चालू होतं. ‘वोल्फ’ नावाचं जर्मन जहाज व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन, साडेचारशेहून जास्त सुरुंग पोटात घालून हिंदी महासागरात आलं. कप्तान कार्ल नेर्गर. त्याने केप, कोलंबो आणि मुंबईबाहेर सुरुंग पेरले. इतक्या लांब समुद्रात ते पेरता कसे आले? तर आपली समुद्रबूड जमीन फार रुंद आणि उथळ आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तिथेही पाणी साधारण ७५ मीटरच! त्या काळचा सुरुंग म्हणजे पोकळ, तरंगणारा गोळा. खाली तळावर वजनदार नांगर, मध्ये तारेचा दोर. पाणी फार खोल असेल तर हा प्रकार चालत नाही.

खरी गंमत खोली ठरवण्यात आहे. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. ओहोटीला तीन मीटर खाली असलेला सुरुंग भरतीला सात मीटरच्या पुढे जातो. मचवा वरून निघून जातो, मोठं जहाज मात्र सापडतं. शिवाय प्रवाह जोराचा असला की दोर कलतो आणि सुरुंग आणखी खाली दबतो.

सुरुंग पेरले ते शांत हंगामात. ‘मंगोलिया’ हे पी. अँड ओ. कंपनीचं टपालवाहू जहाज बुडालं २३ जून १९१७ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मुंबईपासून साधारण ५० मैलांवर. या दिवसांत नेर्गरला काही करावं लागत नव्हतं. खवळलेल्या समुद्रात सुरुंग शोधणाऱ्या नौकांनाच तार ओढणं कठीण, आणि दोर तुटला तर सुरुंग कुठेही वाहत जाणार.

पुढे तळावर पडून राहणारे चुंबकीय सुरुंग आले. १९३९ च्या नोव्हेंबरात थेम्सच्या मुखाशी असा एक ओहोटीच्या चिखलात उघडा पडला, म्हणून ब्रिटिशांना तो उलगडता आला. आपल्याकडे हाच चिखल उलटा त्रास देतो. मऊ गाळात सुरुंग रुतला की ध्वनिलहरींनी तो दिसत नाही, फुटायला मात्र त्याला अडचण नसते. म्हणून तळाचे नकाशे शांततेच्या काळातच, आणि दर पावसाळ्यानंतर नव्याने करावे लागतात. भारतीय नौदलाचं शेवटचं सुरुंगशोधक जहाज २०१९ मध्ये निवृत्त झालं. आम्हाला ही गोष्ट ‘मंगोलिया’पेक्षाही जास्त काळजीची वाटते.