काच आणि प्रत

गेल्या वैशाखात आमच्या पुतणीचा विवाह झाला. छायाचित्रे घेण्याचे काम आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने पत्करले होते. आठवड्याचे पाच दिवस तो एका कचेरीत संगणकासमोर बसतो आणि शनिवार-रविवारी लोकांची लग्ने टिपतो. कार्यानंतर अडीच महिन्यांनी तो चित्रे घेऊन घरी आला. चित्रे सहाशे होती व उत्तम होती, परंतु व्याह्यांनी ती पाहता पाहता एकच प्रश्न केला, "काढली तर चार हजार म्हणे, मग बाकीची कुठे आहेत?" विद्यार्थी म्हणाला, "ती द्यायची नसतात, काका." यावर जो वाद झाला तो वाचकांनी आपापल्या घरच्या अनुभवावरून ताडावा. आमचे मन मात्र, पेशाने इतिहासाचे शिक्षक पडल्यामुळे, वादाकडून वादाच्या उगमाकडे वळले.

छायाचित्रणाच्या आरंभी हा प्रश्न संभवतच नव्हता. १८३९ साली पॅरिस येथे दागेर याची रीत जाहीर झाली. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे आणि तो पत्राच गिऱ्हाइकाच्या हाती पडे. चित्र एक व मालकही एक. चित्रकाराजवळ मागे काही उरत नसे. पुढे इंग्लंडात टॅल्बट याने कागदावर उलट छाया घेऊन तीवरून सुलट प्रती काढण्याची युक्ती शोधली, आणि १८५१ साली स्कॉट आर्चर याने तीच गोष्ट काचेवर साधली. तेव्हापासून एका चित्राची दोन अंगे झाली. काच चित्रकाराच्या फडताळात राहू लागली आणि प्रत गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेली. फोटो 'पोचते करणे' हा जो व्यवहार, तो या फाटणीतून जन्मास आला. आणि त्याबरोबरच काय पोचते करावे व काय करू नये, हे ठरविण्याची सत्ताही.

मुंबईत ही विद्या फार लवकर आली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्गही निघाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या पहिल्या पिढीतील कित्येकांचा हा पोटापाण्याचा मुख्य धंदा नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीतले, आणि तरी सोसायटीच्या कार्यकारी मंडळात होते. मुंबईच्या जातीजमातींची चित्रे ग्रंथरूपाने काढणारे विल्यम जॉन्सन हे आरंभी सरकारी नोकर. राजा दीनदयाळ यांनी तर इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. नोकरी सोडून सर्वस्वी त्याच धंद्यास लागण्यास त्यांना पुढे दहाएक वर्षे लागली, व मुंबईतील त्यांचा स्टुडिओ १८९६ सालचा. म्हणजे आमचा विद्यार्थी आपल्या कचेरीमुळे ओशाळत असेल, तर त्याचे काही कारण नाही.

चित्र घेणे व पोचते करणे यांमधल्या काळात काय होत असे, हे आज कोणाच्या ध्यानीही येणार नाही. काचेवर रसायन ओतून ती ओली आहे तोच चित्र घ्यावयाचे व तोच ती धुवावयाची. सारा खेळ काही मिनिटांचा. गती इतकी मंद की बसणारा हलला की संपले. १८५८ साली राणी व्हिक्टोरिया हिने थोरल्या कन्येच्या लग्नादिवशी तिच्यासह छबी काढविली, तीत खुद्द राणीचा चेहरा पुसट आला आहे. मनाच्या कालवाकालवीत ती स्थिर राहू शकली नाही. मग आमच्याकडील गोरज मुहूर्तावर, मशालींच्या उजेडात, अक्षतांच्या वर्षावात चित्र कोठून येणार? म्हणून वधूवरांस दुसरे दिवशी उन्हात खुर्चीवर बसवीत. जुन्या चित्रांत त्यांचे चेहरे इतके करारी का दिसतात, याचा उलगडा निम्मा तरी येथे होतो.

काच हाती आल्यावर प्रती छापावयाच्या त्याही सूर्याच्या उजेडाने. पुढे दिव्यावर छापावयाचे ब्रोमाइडचे कागद आले, परंतु तोवर आकाश निरभ्र असण्यावर सारी मदार. आमच्या लग्नसराईचा शेवट आषाढाच्या तोंडावर होतो. तेव्हा ज्येष्ठातील लग्नाच्या प्रती पावसाळ्यात अडकावयाच्याच. 'उद्या देतो' ही चित्रकाराची थाप सर्वस्वी थाप नव्हती. छापलेली प्रत सोन्याच्या क्षाराने रंगवून, हायपोत बुडवून, मग वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावी लागे. गिऱ्हाईक दाराशी तगादा लावून बसले की या धुण्यातच काटकसर होई, आणि हायपोचा अंश कागदात राहून चित्र काही वर्षांनी पिवळे पडे. आजोबा-पणजोबांचे पिवळे फोटो पाहून आपण काळाला बोल लावतो. पुष्कळदा तो दोष व्याह्यांच्या घाईचा असतो! जाता जाता आणखी एक. त्या काळचा उत्तम कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. सोवळ्याओवळ्याच्या घरांत देवघराशेजारी टांगलेल्या त्या तसबिरी पोचत्या करताना चित्रकाराने ही गोष्ट बोलून दाखविली नसावी.

आता आमच्या घरची एक हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या आजोबांचे लग्न १९३४ साली सातारा जिल्ह्यातील एका गावी झाले. त्या वेळचा फोटो शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढला होता. तेही सुटीतले छायाचित्रकार. पुठ्ठ्यावर चिकटविलेली ती प्रत आम्ही लहानपणापासून पाहिली आहे. मध्ये वधूवर, मागे वडीलधारी मंडळी, उजवीकडे मांडवाचा खांब, आणि खांबापाशी चित्र संपते. काही वर्षांपूर्वी मास्तरांचे जुने घर पाडावयास काढले, तेव्हा त्यांच्या नातवाने काचांची एक पेटी आमच्याकडे आणून दिली. तीत ती काच निघाली. उजेडासमोर धरली, तो खांबापाशी चित्र संपत नव्हते. खांबाच्या पलीकडे, अर्धवट आडोशाला, आलवण नेसलेली एक स्त्री उभी होती. त्या आजोबांच्या थोरल्या भगिनी. बालपणीच वैधव्य आलेल्या, आणि आईमागे आजोबांना ज्यांनी वाढविले त्या. त्यांचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही. आमच्या वडिलांनी त्यांचे नाव ऐकले होते, मुद्रा ठाऊक नव्हती.

प्रत कापली कोणी? मास्तरांनी आपण होऊन, की पणजोबांच्या सांगण्यावरून? की मांडवात नजरेस न पडण्याचा जन्मभराचा सराव असलेल्या त्यांनी स्वतःच तसे सुचविले? कापताना कोणाच्या मनात काय होते हे आम्ही सांगू शकत नाही. मास्तरांनी काच मात्र फोडली नाही, वा धुऊन पुन्हा वापरली नाही, एवढे खरे. प्रतीवरून त्या घराचा इतिहास लिहिला असता तर तो सुंदर झाला असता आणि खोटा झाला असता.

कायद्याने याचा निवाडा कसा केला तेही पाहण्याजोगे आहे. १९१४ च्या हिंदी कायद्याने व पुढे १९५७ च्या कायद्यानेही असे ठरविले की, मोबदला देऊन फोटो काढविला असता, अन्यथा करार नसल्यास, त्याचा पहिला स्वामित्वहक्क काढविणाऱ्याचा. परंतु हा हक्क प्रती छापण्याचा. खुद्द काच वहिवाटीने चित्रकाराकडेच राही. हक्क एकाकडे व वस्तू दुसऱ्याकडे, असा हा चमत्कारिक संसार. त्याचा लाभही झाला. दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. गिऱ्हाइकांकडे गेलेल्या प्रती मात्र कोठे कोठे पांगल्या याचा हिशेब कोण देणार?

व्याही गेल्यावर आम्ही विद्यार्थ्यास विचारले, "उरलेल्या चौतीसशे चित्रांचे करतोस काय?" तो म्हणाला, "सर, वर्षभर ठेवतो, मग पुसतो. जागा पुरत नाही." त्यांत काय आहे म्हणून विचारता तो हसून म्हणाला, "काही नाही. डोळे मिटलेले, पाठमोरे, मागे वाढप्यांची ये-जा, दारात उभी असलेली माणसे." आम्ही दुसरे दिवशी बाजारात जाऊन एक मोठी डिस्क विकत घेतली व सर्व चित्रे तीत उतरवून द्यावी म्हणून त्याच्या स्वाधीन केली. त्यास आता तीन महिने झाले. दिवाळीनंतर देतो, असे त्याने सांगितले आहे.