साहेबाच्या घरची आया, आपल्या घरची आऊ

मिशनरी मराठी कुणाकडून शिकले? पुस्तकवाले सांगतात, पंडितांकडून. खोटं नाही ते. विल्यम कॅरीनं १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा प्रस्तावनेत वैजनाथ पंडिताची मदत नोंदवली. पंडिताचं नाव राहिलं. चांगलं झालं.

पण पंडित काय शिकवणार? विभक्ती, प्रत्यय, पोथीतली भाषा. मडमेचं पोर तापानं फणफणलं, रात्री किरकिरायला लागलं, की लागते ती मराठी पंडिताकडं नव्हती. ती पाळण्यापाशी होती, चुलीपाशी होती. तिथं पगारावर राबणारी माणसं होती. त्यांचे आभार कोणत्या प्रस्तावनेत आहेत?

त्यातल्या एका बाईचं नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. सगुणाबाई क्षीरसागर. माळ्याच्या घरातली बालविधवा, जोतीराव फुल्यांची नात्यानं बहीण. जोतीराव १८२७ चे. वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई चिमणाबाई वारली. लेकरू सगुणाबाईंनी वाढवलं. चरित्रकार सांगतात, जॉन नावाच्या मिशनऱ्याच्या घरी त्या मुलं सांभाळायला होत्या आणि तिथल्या बोलण्यातूनच त्यांना इंग्रजी येऊ लागलं. ना पाटी, ना पंतोजी. ज्या पुण्यात बाईनं अक्षर गिरवणं म्हंजे पाप, त्या पुण्यात एक विधवा साहेबाचं बोलणं समजत होती.

आता ही देवघेव बघा. पोरं आयेच्या अंगाखांद्यावर खेळणार ती तिच्या बोलीतच. त्यांची मराठी पहिली तिचीच असणार. तिनं त्यांच्याकडून इंग्रजी घेतलं. दोन्ही बाजूंनी दिलं-घेतलं गेलं, पण कागदावर चढलं ते एकाच बाजूचं.

याला मैत्री म्हणायचं का? मला झटक्यात हो म्हणवत नाही. एक पगार देणारा, एक घेणारी. साहेबाला आपला धर्म पसरायचा होता, हेही आपण विसरत नाही. पण गावानं विधवेला कोपरा दिला असता. त्या घरानं तिच्या हातात आपलं पोर दिलं. एवढा फरक मान्य करायला लाज कशाला?

आणि बाईनं ते शिकणं गाठीला बांधून ठेवलं नाही. १८४१ साली शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, सुटलेली शाळा जोतीरावांना पुन्हा मिळाली. साहेबाच्या शाळेत पोरगं बाटतं की शिकतं, हे त्या घरात सगुणाबाईंनी आधीच पाहिलेलं होतं. पुढं १८४६ साली त्यांनी महारवाड्यात शाळा काढली असं चरित्रकार नोंदवतात. ती फार दिवस चालली नाही. दोन वर्षांनी, १८४८ साली, जोतीराव अहमदनगरला मिस फॅरारची मुलींची शाळा बघून आले आणि भिडेवाड्यात शाळा उघडली. भिडेवाडा सगळे सांगतात, सांगावाच. पण महारवाड्यातली ती मोडलेली शाळा आपण नाही सांगायची तर कुणी सांगायची?

सगुणाबाई १८५४ साली गेल्या. पुढच्याच वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. छापणारं पत्र अमेरिकन मिशनचं. नगरला १८४२ साली निघालेलं. आता मराठी पंडिताची नव्हती, साहेबाची नव्हती. आपल्या पोरीची होती, आणि ती वेदवाल्यांना जाब विचारत होती.

आया हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आऊ आपला, जिजाऊतला. साहेबाच्या घरी जिला आया म्हणत असतील, तिला जोतीराव-सावित्रीबाई आऊ म्हणत.

आपल्याही आज्या, पणज्या साहेबांच्या बंगल्यांत राबल्या. कुणी आया, कुणी बटलराची बायको. म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी तिथनं काय आणलं. सांगतील ते लिहून ठेवा. नाव घालून लिहा.