एका वृद्ध उपग्रहाचा जमाखर्च

ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक खोड आम्हांस वारंवार जाणवते. दुर्बीण कोणीं घडविली, तिचा आरसा केवढा, ती कोणत्या सालीं उभी राहिली, याचें वर्णन ते मोठ्या हौसेनें करितात. पण पुढें पंधरावीस वर्षें ती कोणीं राखली, राखणारांचा पगार कोठून आला, आणि एके दिवशीं ती बंद करावी असें कोणीं व कां ठरविलें, याविषयीं त्यांची लेखणी मुकी होते. लग्नाचें वर्णन दहा पानें आणि संसाराचें एक ओळ, असा हा प्रकार आहे. आज आम्ही एका कृत्रिम उपग्रहाच्या संसाराची, आणि विशेषतः त्याच्या उतारवयाची, हकीगत वाचकांपुढें ठेवणार आहों. तो मोडून पडला नाहीं. त्याचा खर्च बंद झाला. या दोहोंतील अंतर दाखवावें, एवढाच आमचा हेतु आहे.

या उपग्रहाचें नांव ‘इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर’. नांव लांबलचक असल्यामुळें ज्योतिषी त्यास आद्याक्षरांवरून ‘आय-यू-ई’ म्हणत. आम्हीही तसेंच म्हणूं. ताऱ्यांच्या प्रकाशांत जांभळ्याच्या पलीकडचे जे अतिनील किरण असतात, ते आपल्या वातावरणांत, मुख्यत्वें ओझोन वायूंत, अडतात. म्हणून त्यांचा अभ्यास करावयाचा तर दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावी लागते. असें यंत्र युरोपच्या अंतराळ-संशोधन संस्थेनें बांधावें, ही कल्पना १९६४ सालापासून चर्चेंत होती. रॉबर्ट विल्सन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मंडळीनें तिचा आराखडा केला. तो पसंतही पडला. पण खर्चाचा आंकडा पाहून संस्थेनें हात आंखडता घेतला. विल्सननें तोच आराखडा लहान व स्वस्त करून पुन्हा मांडला. तोही नाकारला गेला. तेव्हां त्यानें तो अमेरिकेच्या नासा संस्थेपुढें नेला आणि तेथें त्याचें चीज झालें. अखेर तिघांची भागीदारी ठरली: उपग्रह व दुर्बीण नासाची, वर्णपट टिपणारे कॅमेरे इंग्लंडचे, सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पट्ट्या व माद्रिदजवळील व्हिलाफ्रांका येथील स्थानक युरोपचें. म्हणजे पैशाची ददात या उपग्रहाच्या जन्माआधींपासूनच त्याच्या पाठीस लागली होती. पण त्या ओढाताणींतून जें निघालें तें आटोपशीर व काटक निघालें, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे.

ता. २६ जानेवारी १९७८ रोजीं आय-यू-ई आकाशांत गेला. त्याच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ४५ सेंटिमीटर व्यासाचा होता. त्याचें आयुष्य किमान तीन वर्षें धरलें होतें व सामग्री पांच वर्षांची भरली होती. त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका दिवसाएवढ्याच काळांत पुरी होई, व कक्षा अशी निवडली होती कीं अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतीं असलेल्या गॉडर्ड केंद्रास तो कधींच दिसेनासा होत नसे. चोवीस तासांपैकीं सोळा तास गॉडर्डनें व आठ तास व्हिलाफ्रांकानें त्याच्यावर काम करावें, अशी वांटणी होती. बाहेरून आलेला ज्योतिषी नियंत्रणकक्षांत चालकाच्या शेजारीं बसे. पडद्यावर ताऱ्यांचें क्षेत्र उमटलें कीं ‘हा नव्हे, तो’ असें बोट ठेवून सांगे. आणि कांहीं वेळानें त्या ताऱ्याचा वर्णपट त्याच्या डोळ्यांसमोर येई. रात्रीच्या थंडींत डोंगरावर बसून दुर्बीण फिरविण्याची जी जुनी रीत, तिचीच ही नवी आवृत्ति होय. फरक इतकाच कीं दुर्बीण हजारों मैल दूर होती व तिला हात लावण्याची सोय नव्हती.

हात लावतां येत नाहीं अशा यंत्राची शुश्रूषा कशी करावी, हा या संसाराचा खरा प्रश्न. उपग्रहांत दिशा राखण्यासाठीं जायरोस्कोप नांवाचीं साधनें असतात. वेगानें फिरणारा भोंवरा आपला आंस सोडीत नाहीं, या तत्त्वावर तीं चालतात. आय-यू-ईवर असे सहा भोंवरे होते व कामास तीन लागत. १९७९ सालीं पहिला थांबला. १९८२ सालीं आणखी दोन थांबले. आतां राखीव असा एकही उरला नाहीं. गॉडर्डच्या अभियंत्यांनीं येथें जें केलें, तें आम्हांस कोणत्याही शोधाइतकेंच मोलाचें वाटतें. तिसरा भोंवरा जातांच, पुढचा जाण्याची वाट न पाहतां, दोनच भोंवऱ्यांवर उपग्रह कसा संभाळावा याची तयारी त्यांनीं चालविली. उपग्रहावर सूर्याची दिशा सांगणारें एक उपकरण होतें. त्याच्याकडून तिसऱ्या भोंवऱ्याचें काम करून घ्यावयाचें, अशी ही युक्ति होती. १९८५ च्या ऑगस्टांत चौथा भोंवरा थांबला, आणि कांहीं आठवड्यांतच आय-यू-ई नव्या आज्ञांनिशीं पुन्हा कामास लागला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तर एकाच भोंवऱ्यावर त्याचा तोल राखलेला होता.

दुखणीं दुसरींही होतीं. वीज देणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षें मंदावत गेल्या, तशा सूर्याशीं कोणत्या कोनांत उभें राहावें यावर मर्यादा आल्या. १९९१ पासून दुर्बिणींत सूर्याचा भलताच उजेड शिरूं लागला व मंद तारे पडद्यावर ओळखूं येईनात. तेव्हां जवळचा ठळक तारा धरून तेथून मोजून सरकावें, असा मार्ग काढावा लागला. घरांतील वृद्धाच्या संवयी जशा सुनेसच ठाऊक, तशा या उपग्रहाच्या खोडी त्याच्या चालकांसच ठाऊक होत्या. हें ज्ञान पुस्तकांत थोडें आणि माणसांत फार होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. जमाखर्चाच्या वहींत तिला रकाना नसतो.

ता. २४ फेब्रुवारी १९८७ रोजीं मोठ्या मॅगेलनी मेघांत एका ताऱ्याचा स्फोट दिसला. नुसत्या डोळ्यांस दिसावा इतका तेजस्वी स्फोट जवळजवळ चार शतकांत झाला नव्हता. त्याच दिवशीं आय-यू-ई तिकडे वळविण्यांत आला. पुढें स्फोटाचें अतिनील तेज झपाट्यानें ओसरलें, तेव्हां त्या जागीं शेजारच्या दोन ताऱ्यांचाच प्रकाश उरलेला आढळला. तेथील ठळक निळा तारा नाहींसा झाला होता. म्हणजे स्फोट पावला तो हाच. असा अंत तांबड्या महाकाय ताऱ्यांचा व्हावा, अशी तोंवर पंडितांची अपेक्षा होती. तिला यामुळें मोठा धक्का बसला. आतां हिशेब पहा. पांच वर्षांची सामग्री भरलेला हा उपग्रह त्या वेळीं दहाव्या वर्षांत होता. १९८५ सालीं चौथा भोंवरा थांबला तेव्हांच ‘झालें तें पुष्कळ झालें’ म्हणून त्याचें खातें बंद केलें असतें, तर तें कोणासही अन्यायाचें वाटलें नसतें, आणि आपण कशास मुकलों हेंही कळलें नसतें.

वृद्ध यंत्राचा दुसरा गुण चिकाटीचा. एन-जी-सी ५५४८ नांवाच्या दीर्घिकेच्या गाभ्यांतून येणारें तेज कमीजास्त होत असतें. १९८८ च्या अखेरीपासून आठ महिनेपर्यंत दर चौथ्या दिवशीं आय-यू-ईनें तिच्याकडे पाहिलें. मधल्या तेजांत बदल झाला कीं भोंवतालच्या वायूंत तो किती दिवसांनीं उमटतो, हें यावरून मोजतां आलें. हबल दुर्बीण १९९० सालीं वर गेली. तिचा आरसा २.४ मीटरांचा, व मंद तारे पाहण्यांत आय-यू-ई तिच्या पासंगासही पुरणारा नव्हता. पण हबलचा एकेक तास मिळविण्यासाठीं जगभरचे ज्योतिषी रांगेंत उभे. त्या रांगेंत आठ महिने नेमानें पाहणी करावयास कोण सवलत देणार?

आतां पैशाकडे वळूं. उपग्रह बांधण्याचा खर्च एकदांच होतो. चालविण्याचा दरसाल होतो, आणि जुने उपग्रह मरत नाहींत तोंवर नव्यांसाठीं ठेवलेल्या रकमेस त्यांचा पाय लागतो. यासाठीं नासांत एक पद्धत पडली आहे. ठरीव मुदत ओलांडलेल्या सर्व उपग्रहांचे चालक आपापलीं मागणीपत्रें लिहितात, आणि ज्योतिषांचीच एक समिति तीं वाचून उपग्रहांचा क्रम लावते. पूर्वीं काय मिळविलें यापेक्षां पुढील वर्षांत दर डॉलरामागें काय मिळेल, हा तेथील मुख्य प्रश्न. २००५ सालच्या कायद्यानें ही तपासणी दर दोन वर्षांनीं सक्तीची केली. पुढें ती तीन वर्षांवर आली. ही पद्धत अन्यायाची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्याच्या मायेनें नव्याचा मार्ग अडविणें हाही दोषच आहे, आणि पारख करणारे त्याच विद्येंतील असावेत याहून चांगली तजवीज आम्हांस सुचत नाहीं. पण पुढें काय मिळेल हें आधीं लिहून द्या, असें १९८६ सालीं विचारतां, ‘पुढील वर्षीं शेजारच्या मेघांत एक तारा फुटेल’ असें कोणता चालक लिहूं शकला असता?

या कात्रींत सांपडलेले उपग्रह पुढेंही झाले. २००३ सालीं गेलेला ‘गॅलेक्स’ नासानें २०१२ सालीं चक्क कॅल्टेक या विद्यापीठास उसना दिला. विद्यापीठानें इतरांकडून द्रव्य मिळवून तो २०१३ च्या जूनपर्यंत चालविला. आपल्या चंद्रशेखरांचें नांव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ वेधशाळेवरही २०२४ सालीं हाच प्रसंग आला. तिचा सुमारें ६ कोटि ८३ लक्ष डॉलरांचा वार्षिक खर्च पुढील वर्षासाठीं सुमारें ४ कोटि ११ लक्षांवर आणावा असें अंदाजपत्रकांत सुचविलें गेलें, आणि तपासणीसाठीं नेमलेल्या समितीनें, एवढ्यांत ही वेधशाळा चालविण्याचा मार्गच दिसत नाहीं, असा निर्वाळा दिला. आणि हें केवळ परदेशांतच घडतें असें नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें प्रो. कावसजी नायगमवाला यांनीं १८८८ सालीं उभारलेली तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ सालीं ते निवृत्त होतांच बंद झाली. तेथील वीस इंची दुर्बीण धड होती. ती कोडाईकनालास रवाना झाली.

आय-यू-ईवर ती पाळी १९९५ सालीं आली. नासास त्याचा खर्च जड झाला. तेव्हां वांटणी उलट केली: युरोपनें सोळा तास घेऊन संशोधन चालवावें व गॉडर्डनें आठ तास केवळ उपग्रह संभाळावा. ज्या आठ तासांत पूर्वीं ताऱ्यांचे वर्णपट घेतले जात, त्यांत आतां नुसती राखण होऊं लागली. १९९६ च्या फेब्रुवारींत युरोपनेंही आपल्या काटकसरीपायीं अंग काढून घेण्याचें ठरविलें. तोंवर १,०४,००० हून अधिक वर्णपट जमा झाले होते. ते सर्व एकाच रीतीनें पुन्हा शोधून, चुका काढून, सर्वांस खुल्या अशा संग्रहांत ठेवण्याचें काम मात्र तडीस नेलें गेलें, आणि आजही नवे ज्योतिषी तो संग्रह चाळतात. आमच्या मतें दोन्ही संस्थांनीं केलेला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

ता. ३० सप्टेंबर १९९६ रोजीं उपग्रहांतील उरलेलें हायड्रॅझीन हें इंधन सोडून देण्यांत आलें. विजेच्या घटमाला रित्या करून बंद केल्या. जागतिक वेळेप्रमाणें १८ वाजून ४४ मिनिटांनीं त्याचा रेडिओ मालविण्यांत आला. आपल्याकडे तेव्हां मध्यरात्र उलटून चौदा मिनिटें झालीं होतीं.