गावांची नावे गाणारा उपरा

लहान गावाचे नाव एखाद्या पोथीत, पोवाड्यात किंवा गाण्यात आले की त्या गावच्या माणसाची मान थोडी ताठ होते. राजधान्यांना अशा उल्लेखाची गरज नसते, गावांना असते. कॅनडासारख्या अफाट पसरलेल्या, विरळ वस्तीच्या देशात हे काम मोठ्या चिकाटीने करणारा गायक म्हणजे टॉम कॉनर्स. लोकांनी त्याला 'स्टॉम्पिन टॉम', म्हणजे पाय आपटणारा टॉम, असे म्हटले. आश्चर्य असे की, ज्याने देशभरच्या गावांना गाण्यात जागा दिली, त्याला स्वतःला लहानपणी धड एक गाव लाभले नव्हते.

त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यू ब्रन्स्विक प्रांतातील सेंट जॉन शहरी झाला. आई कोवळ्या वयाची, अविवाहित आणि अतिशय गरीब होती. तिच्याबरोबर वणवण, मग ताटातूट, मग अनाथालय, अशा क्रमाने बालपण गेले. पुढे प्रिन्स एडवर्ड बेटावरील स्किनर्स पाँड या खेड्यातील कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. तेथेही तो रमला नाही. किशोरवयातच घर सोडून तो येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांना हात करीत, खांद्यावर गिटार घेऊन देशभर हिंडला. मिळेल ते काम करावे, गावकऱ्यांच्या गोष्टी ऐकाव्यात आणि पुढच्या गावाची वाट धरावी, असा त्याचा क्रम अनेक वर्षे चालला. ही भटकंतीच त्याची पाठशाळा ठरली.

१९६४ साली ओंटारिओच्या उत्तरेकडील टिमिन्स या खाणीच्या गावी त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. मेपल लीफ हॉटेलात बिअरचा पेला ४० सेंटांना होता आणि याच्या खिशात ३५ सेंट होते. गाणे म्हटलेस तर पेला देतो, असे तेथील नोकराने सांगितले. त्या एका गाण्यातून वर्षाहून अधिक काळाचा मुक्काम घडला. गिऱ्हाइकांच्या गोंगाटात ताल ऐकू यावा म्हणून तो टाच जोराने आपटी. जमिनीची नासधूस होऊ नये म्हणून पायाखाली प्लायवुडची फळी आली आणि तीच त्याची ओळख बनली. १ जुलै १९६७ रोजी, कॅनडाच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पीटरबरो येथील एका मद्यगृहातील वाढप्याने प्रेक्षकांना ओळख करून देताना त्याला 'स्टॉम्पिन टॉम' म्हटले. ते नाव कायमचे चिकटले.

त्याच्या गाण्यांचे विषय पाहावेत. 'बड द स्पड'मध्ये बेटावरचे बटाटे ट्रकमधून टोरांटोला नेणारा चालक आहे आणि त्याच्या मागावर हैराण झालेले पोलीस आहेत. 'टिल्सनबर्ग'मध्ये तंबाखूच्या मळ्यात कंबर मोडून केलेली मजुरी आहे. 'सडबरी सॅटरडे नाइट'मध्ये निकेलच्या खाणीतील कामगार शनिवारच्या रात्री आठवडाभराचे कष्ट विसरू पाहतात. या विनोदात शहरी माणसाने गावंढळाकडे पाहून केलेले हसू नाही. ज्यांची थट्टा आहे, त्यांच्याच शेजारी बसून ती केलेली आहे; म्हणून ती त्यांना लागत नाही.

मात्र तो केवळ हसवणारा नव्हता. फेब्रुवारी १९६३ मध्ये उत्तर ओंटारिओतील रीसर सायडिंग येथे संपकरी लाकूडतोडे आणि संपाबाहेर राहून लाकूड पुरवणारे शेतकरी समोरासमोर आले. गोळीबारात तीन संपकरी ठार झाले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर बंदूक रोखलेली ही घटना त्या मुलखाची उघडी जखम होती. कॉनर्सने तिच्यावरही गाणे रचले. लोकप्रियतेसाठी गाणाऱ्याने अशा विषयाला हात लावला नसता.

त्याचा खरा संघर्ष दक्षिणेच्या बलाढ्य शेजाऱ्याशी होता. अमेरिकी संगीताच्या लोंढ्यापुढे कॅनडाचा आवाज टिकावा म्हणून १९७१ पासून तेथील नभोवाणीवर ३० टक्के कॅनेडियन संगीत सक्तीचे झाले. परंतु नियमाने वृत्ती बदलत नाही. अमेरिकेत स्थायिक होऊन तेथेच व्यवसाय करणाऱ्यांना कॅनडाचे जुनो पुरस्कार दिले जातात, याच्या निषेधार्थ कॉनर्सने १९७८ मध्ये आपले सहा जुनो पुरस्कार परत केले. पुढे जवळजवळ दहा वर्षे तो रंगमंचापासून दूर राहिला. या निर्णयात हट्ट होता हे मान्य करावे लागेल. परदेशी गेलेला प्रत्येक कलावंत मातीला पारखा होतोच असे नाही. पिढ्यान्पिढ्या परमुलखात राहून भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सांगायला नको. तरीही त्याने मोजलेली किंमत खरी होती. चढत्या काळात त्याने स्वतःच्या उत्पन्नावर आणि प्रसिद्धीवर पाणी सोडले.

१९७३ साली निघालेल्या त्याच्या 'द हॉकी साँग'कडे आरंभी फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. १९९२ पासून ओटावाच्या संघाच्या सामन्यांत ते वाजू लागले आणि पुढे देशभरच्या क्रीडागृहांत पोहोचले. ६ मार्च २०१३ रोजी कॉनर्सचे निधन झाले. त्याचा जाहीर स्मृतिसोहळा राजधानीत किंवा टोरांटोत झाला नाही. तो झाला पीटरबरोला. आयुष्यभर गावांची नावे गाणाऱ्या या उपऱ्याला त्याचे स्वतःचे नाव त्याच गावाने दिले होते.