गोधडीतले कापड

माझी मुलगी जन्मली तेव्हा आईने गावाहून एक गाठोडे आणले. त्यात दोन दुपटी, सहा झबली, एक कुंची, दोन टोपडी आणि लंगोटांची चळत होती. सारे हातशिलाईचे. आजीने, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईने, दुपटे मांडीवर घेतले, बोटांनी एकेक ठिगळ चाचपले आणि आईला विचारले, "हे फडकं कोनाचं हाय वं?" आई म्हणाली, "माह्याच साडीचं." मग दुसरे ठिगळ, मग तिसरे. सर्व तुकड्यांची अशी उलटतपासणी झाल्यावरच दुपटे पाळण्यात गेले.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. तरीही आजीच्या प्रश्नात इतिहास आहे हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही. म्हातारपणाचा संशयीपणा म्हणून मी तो सोडून दिला. पुढे आजीजवळ बसून तिला बोलते केले तेव्हा कळले, की आमच्या घरात हा प्रश्न १९५६ पासून विचारला जात आहे, आणि त्याच्या आधी तो विचारण्याची सोयच नव्हती.

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात मोडतो आणि वऱ्हाड म्हणजे कापूस, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण कापूस पिकवणाऱ्या या मुलुखात कापड कोण विणत होते, याची आठवण पुसली गेली आहे. विदर्भातला महार हा केवळ येसकर, वेठबिगार आणि मेलेली ढोरे ओढणारा नव्हता, तो विणकरही होता. बायकांनी चरख्यावर काढलेल्या सुताचे जाडेभरडे कापड तो विणी आणि आठवडी बाजारात विकी. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथातही महारांच्या या धंद्याची नोंद आहे. बलुत्यासाठी गावापुढे हात पसरावा लागे हे खरे, परंतु मागावरचे कापड विकून आलेला पैसा कोणाच्या उपकाराचा नव्हता. याचा अर्थ त्या काळी सुबत्ता होती असा मुळीच नाही. घरात माग होता, इतकेच. ज्याच्या घरात माग आहे त्याला पोराच्या झबल्यासाठी हात भर कापड मागायला दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथल्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. (जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती याच युद्धातून गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना. तिकडच्या गुलामांच्या मुक्तीचा आणि इकडच्या विणकरांच्या मोडीचा धागा असा एकाच कापसातून गेला आहे.) १८६७ पर्यंत भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. १३ किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून खामगावच्या कापूसबाजाराचे वजन लक्षात यावे. हे खामगाव त्या वेळी अकोल्याकडे होते, १९०५ मध्ये ते बुलढाणा जिल्ह्यात आले.

हा फाटा कापूस नेण्यासाठी होता हे उघड आहे. पण परतीच्या डब्यांतून काय यायचे होते? मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सरकारी अहवालात ते लपवून ठेवलेले नाही. त्याचा हिशेब साधारण असा: रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड गावठी कापडापेक्षा स्वस्त पडेल. मग गावात सुतासाठी जिरणारा कापूसही निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी मोकळी होतील. 'मोकळी' हा शब्द नीट वाचावा. माझा पणजोबा आणि त्याच्या आधीचे त्याचे बापजादे याच अर्थाने मोकळे झाले.

यानंतर १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल निघाली. जे नागपूरला जाऊ शकले त्यांतले पुष्कळ महार गिरणीकामगार झाले, आणि पुढे आंबेडकरी चळवळीला तिथून जे बळ मिळाले ते आपण जाणतोच. पण मेहकर, चिखली, लोणारकडच्या खेड्यांत गिरणी आली नाही, फक्त माग गेला. बायका कपाशी वेचायला जाऊ लागल्या, खामगावच्या जिनांत राबू लागल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी उरलेसुरले घरही धुऊन नेले. ओटीत दिवसभर कापूस भरणाऱ्या बाईच्या घरी कापसाची गादी नव्हती. तिच्या घरी होती गोधडी, आणि गोधडीत कापूस नसतो, चिंध्या असतात.

या चिंध्या कोठून येत? गावकीच्या कामाच्या बदल्यात कोणी फाटके धोतर टाकी, सणासुदीला कोणी विटके लुगडे फेकी. आणि एक हक्काचे कापड होते. गावात कोणी मेले की मढ्यावरचे कापड महाराचे. सरणाची लाकडे वाहायची ती त्यानेच, आणि त्याचा मोबदला म्हणून हे. गावाने याला 'हक्क' म्हटले, आणि दुःखाची गोष्ट अशी, की आपल्या लोकांनीही तो हक्क म्हणून जपला, त्याच्या वाट्यावरून आपसांत भांडणे केली. मढ्यावरचे कापड बहुतेक नवे असे, पांढरे, कोरे. आजी सांगते, घरात येणारे एकमेव कोरे कापड तेच. ते नाल्यावर तीनतीनदा धुवायचे, आणि त्यातला मऊ भाग बाळंतिणीसाठी राखून ठेवायचा. म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या जिवाच्या अंगाला गावातल्या मेलेल्याचे कापड लागे. हिंदू समाजव्यवस्थेवर ग्रंथ पुष्कळ झाले, पण तिचे सार सांगायला हे एक झबले पुरेसे आहे.

सवर्ण घरांतही मागून आणलेल्या कापडाची रीत होती. मुले जगत नसली की पाच घरचे जुने कापड मागून पोराला झबले शिवायचे, नाव भिका किंवा दगडू ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही. त्यांनी एकदा नवसापोटी जे केले ते आमच्याकडे रोज चाले, आणि दृष्ट तरीही लागतच राही.

आता शिवणाविषयी. गावचा शिंपी आमच्या माणसांचे माप टेप लावून घेत नसे, लांबूनच डोळ्यांनी घेई, असे आजी सांगते. त्यामुळे सुई घरातच चालवावी लागे. सुया, दाभण आणि पोत घेऊन वैदिणी दारावर येत, मूठभर ज्वारीवर सुई मिळे. दोऱ्याची रीळ विकत घेणे परवडत नसे, तर लुगड्याच्या काठातून धागे उसवून, पीळ घालून, मेण नसेल तर नुसते मांडीवर वळून दोरा केला जाई.

झबले सोपे. चौकोनी फडके चौघडी करायचे, मधल्या टोकाला चंद्रकोरीसारखी कात्री मारली की गळा होतो. बाजूंना बाहीपुरती जागा सोडून शिवायचे, मागून छाती उघडी ठेवून दोन बंद लावायचे. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे बाळाच्या कातडीला बोचत नाही. कुंचीला लांबट तुकडा घेऊन दुमडायचा, एक कड शिवली की डोके झाकते, आणि खालचा घोळ पाठीवर पडतो. गोधडीला मात्र दोन-तीन बाया लागतात. ती चैत्र-वैशाखात, शेतातली कामे आटोपल्यावर घालायची. खाली लुगडे पसरून त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर चिंध्या अशा रचायच्या की जाड-पातळ होऊ नये, वरून दुसरे लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालत, चौकोनातून लहान चौकोन करत मध्यापर्यंत यायचे. मधून सुरुवात केली तर कापड सरकते आणि गोधडी पोट काढते. आजीची सून म्हणून पहिली परीक्षा यातच झाली होती, आणि तिच्या सासूने, माझ्या पणजीने, चार ओळी उसवून परत घालायला लावल्या होत्या.

या कामाचा इतिहास कोणी लिहिला नाही यात नवल नाही. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. वडील सत्यशोधक, मुलगी लिहिती, पुस्तक छापील, तरीही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीतच होते. लेखणी चालवणाऱ्या बाईची ही गत, तिथे सुई चालवणारीची काय कथा.

२७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते प्रामुख्याने कपड्यांविषयी आणि राहणीविषयी बोलले. लुगडे गुडघ्यावर नेसू नका, जात ओळखू येईल असे दागिने घालू नका, कापड फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ ठेवा. आमच्या काही पुरोगामी मित्रांना हा उपदेश वरवरचा वाटतो, वरिष्ठ जातींचे अनुकरण वाटते. त्यांना कापड ही वस्तू समजलेली नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये नोंदवले आहे, की त्यांच्या भागात महार बाईला लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवून नेसावे लागे. जिथे काठ दिसणे हा गुन्हा होता, तिथे काठ दाखवून नेसणे हे अनुकरण कसे? महाडच्या मार्चमधील परिषदेतच मेलेल्या ढोरांचे मांस आणि शिळेपाके उष्टे सोडण्याचे आवाहन झाले होते. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बाया जमल्या. पण आमच्या खेड्यात मढ्यावरचे कापड त्यानंतरही येतच होते. पोटाला सोडा म्हणणे कठीण, थंडीला सोडा म्हणणे त्याहून कठीण.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला पांढरे कपडे घालून या, असा निरोप आला. पणजीने चांदीचे वाळे मोडून खामगावच्या बाजारातून मांजरपाट आणला. आजीचे पहिले लेकरू, माझी आत्या, तेव्हा अंगावर पीत होती. उरलेल्या तुकड्याचे तिला झबले शिवले. या कापडाचा रंग तोच होता, कोरेपणही तेच. फक्त ते कुणाच्या मढ्यावरून आले नव्हते, मोल देऊन आणले होते. मग ती सगळी माणसे जलंबच्या फाट्यावरच्या गाडीत बसली. ज्या रुळांवरून आमचे माग मोडणारे कापड आले, त्याच रुळांवरून ती पांढऱ्या कपड्यांत नागपूरला गेली.

इथे धम्माच्या वाङ्मयातली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. महावग्गात चीवराचे प्रकरण आहे. भिक्खू आरंभी पांसुकूल वापरीत, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या धुऊन शिवलेले वस्त्र. मगधातल्या भातशेतांचे बांध दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर शिवायला सांगितले. गोधडीच्या ओळी पाहिल्या की मला ते बांध आठवतात. पुढे जीवक वैद्याने उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा बुद्धांनी गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्याची मुभा दिली आणि निवड भिक्खूवर सोडली: ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने दिलेले घ्यावे. स्मशानातले कापड तिथेही होते आणि आमच्या पणजीच्या घरीही होते. आमच्याकडे ज्याला हवे त्याने, हे शब्द नव्हते.

अलीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत गोधड्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात. त्यांवर 'पारंपरिक हस्तकला' असे लिहिलेले असते आणि किंमत पाहून आई हसते. माझा त्या विक्रीला विरोध नाही. ज्या बाया शिवतात त्यांना पैसा मिळत असेल तर तो मिळालाच पाहिजे. परंतु गोधडीवर 'आजीची माया' वगैरे जे ललित लेखन होते, ते वाचताना मला नेहमी आजीचा प्रश्न विचारावासा वाटतो.

नागपूरहून परतल्यावर पणजीने घरातल्या दोन्ही गोधड्या अंगणात काढल्या. एक पूर्ण उसवली, तिच्यातले मढ्यावरचे तुकडे वेचून नाल्यात सोडले आणि बाकीच्यांची पुन्हा घातली. दुसरीही उसवायची होती. मी आजीला विचारले, मग तिचे काय झाले? आजी बराच वेळ गप्प राहिली. "दिवाळी आली होती," ती म्हणाली. "थंडी पडली, अन् लेकरू आंगावरचं. उन्हाळ्यात उसवू म्हनली बुढी."

"मग उसवली?"

"उन्हाळ्यात ते थकली. मीच उसवली, पुढल्या साली."