लाल खड्याखालचे सोने

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, एखादी संहिता नीट वाचायची असेल तर तिची काही पाने एकदा स्वहस्ते उतरवून पाहावीत. डोळा जिथून सहज पुढे सरकतो, तिथे हात अडतो आणि प्रश्न निर्माण होतो. वस्तूंच्या इतिहासालाही हे लागू पडते. पाचव्या ते सातव्या शतकांतील फ्रँक, गॉथ, अँग्लो-सॅक्सन आदी जर्मानिक लोकांचे गार्नेटजडित सुवर्णालंकार आज काही कारागीर हाताने पुन्हा घडवतात. त्यांचे काम हा आमच्या मते एक प्रकारचा पाठाभ्यासच होय.

इंग्लंडमधील सटन हू येथे 1939 साली एका टेकाडाखाली नौकेतील राजदफन सापडले. त्यातील खांद्यावर वस्त्र अडकवण्याचे दोन बंद आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सोन्याच्या तळपत्र्यावर पातळ पट्ट्या उभ्या जोडून लहान लहान घरे केलेली आणि त्यांत गार्नेटच्या चपट्या चकत्या व रंगीत नक्षीकाचेचे तुकडे बसवलेले, अशी त्यांची रचना आहे. मिनाकामात काचेची पूड घरात भरून भट्टीत वितळवतात; ती घराचा आकार आपोआप घेते. गार्नेटचा खडा अशी सवलत देत नाही. तो पोलादी पात्याने कापला जात नाही, घासूनच आकारास आणावा लागतो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची चकती पायऱ्यापायऱ्यांच्या घरात अचूक बसवायची, तर खडा घराप्रमाणे घासायचा की सोन्याची पट्टी खड्याप्रमाणे वळवायची, हा निर्णय प्रत्येक घरापाशी करावा लागतो. संग्रहालयाच्या काचेआडून पाहणाऱ्याला हे निर्णय दिसत नाहीत.

एवढे करूनही नुसत्या तळपत्र्यावर ठेवलेला खडा काळपट दिसतो. त्याला उजेड देतो तो खाली दडवलेला सोन्याचा अतिपातळ पत्रा. या पत्र्यावर ठशाने बारीक चौकड्या उठवलेल्या असतात. त्यांवरून परतलेला प्रकाश खड्यातून लालभडक होऊन बाहेर पडतो. आपल्या कुंदनकामातही खड्यामागे पत्रा घालण्याची रीत आहेच. इंग्लंडमध्येच स्टॅफर्डशायर येथे 2009 साली सापडलेल्या, सुमारे 4 किलो सोने असलेल्या साठ्याच्या तपासणीतून आणखी एक युक्ती कळली. सोन्याच्या पृष्ठभागातील चांदी मुद्दाम काढून टाकून कारागिरांनी तो अधिक अस्सल भासेल असा केला होता.

अस्सलपणाचा प्रश्न इथे अधिक गंभीर होतो. एकोणिसाव्या शतकापासून अशा अलंकारांकडे जर्मानिक वंशाची निर्भेळ खूण म्हणून पाहिले गेले आणि नाझी राजवटीने तर प्राचीन जर्मानिक अवशेषांना वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराला जुंपले. परंतु खड्यांच्या रासायनिक तपासणीवरून दिसते ते असे की, पाचव्या-सहाव्या शतकांतील पुष्कळसे गार्नेट भारत व श्रीलंकेतून गेलेले होते. बोहेमियातील खडे मोठ्या प्रमाणावर आले ते पुढे. या जडावाच्या शैलीलाही काळ्या समुद्राकाठची आणि रोमन-बायझंटाईन जगाची पार्श्वभूमी होती. याचा अर्थ हे अलंकार ‘आपले’ असा मात्र कोणी काढू नये. तसे करणे म्हणजे तीच चूक उलट्या दिशेने करणे होय. खडा दुरून आला, घडण तिथल्या हातांची होती. दोन्ही खरे आहे.

तूर्ने येथे 1653 साली फ्रँक राजा चिल्डरिक याचे दफन सापडले. त्यात गार्नेट जडवलेल्या सुमारे 300 सोन्याच्या मधमाश्या होत्या. 1655 साली शिफ्ले या वैद्याने त्या ठेव्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे 1831 साली पॅरिसच्या ग्रंथालयातून हा ठेवा चोरीस गेला आणि त्यातील बरेचसे सोने वितळवले गेले. मधमाश्या दोनच उरल्या. बाकीच्या आपण शिफ्लेच्या चित्रांमुळेच ओळखतो. पण चित्रात बाह्यरेषा येते, खड्याखालचा पत्रा येत नाही. आज कोणी ती मधमाशी पुन्हा घडवू लागला, तर त्याला उरलेल्या दोन मधमाश्यांकडे आणि इतर थडग्यांतील समकालीन दागिन्यांकडे वळावे लागेल, जसा संपादक गळालेली ओळ भरताना इतर पोथ्यांकडे वळतो. आणि चांगल्या संपादकाप्रमाणेच, आपण भरलेली जागा कोणती हे त्याने लपवू नये.

वाङ्मयाच्या इतिहासात ‘अस्सल’, ‘मूळ’, ‘शुद्ध’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. पुढच्या खेपेस ते लिहिण्यापूर्वी त्या लाल खड्याखाली काय होते आणि तो कुठून आला, हे एकदा आठवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.